चष्मा उतरतो, डोळा तोच राहतो

घोडबंदर रस्ता आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग जिथे एकमेकांना मिळतात, त्या वरसावे नाक्यावरून रात्री दुचाकीने जाणे ही डोळ्यांची परीक्षाच असते. समोरून येणाऱ्या ट्रेलरचे प्रखर दिवे, खाडीवरून येणारा दमट वारा, अवजड वाहनांनी उडवलेली धूळ आणि पावसाळ्यात काचेवर साचणारे पाणी. हेल्मेटच्या आत चष्मा असेल तर तो पुसायलाही हात पोहोचत नाही. मीरा-भाईंदर, वसई आणि ठाण्याच्या दरम्यान रोज ये-जा करणाऱ्या तरुणांपैकी अनेकांच्या मनात अशाच एखाद्या रात्री प्रश्न येतो: एकदाचे लेझर करून हा चष्मा काढून टाकावा का?

प्रश्न रास्त आहे. लेझरने नंबर काढण्याची शस्त्रक्रिया आज जगभर रुळलेली आहे आणि योग्य रुग्ण निवडला तर तिचे निकाल उत्तम असतात. मात्र जाहिरातीत दिसणारे ‘दहा मिनिटांत चष्म्यापासून मुक्ती’ हे वाक्य फार थोडे सांगते. त्या दहा मिनिटांच्या आधी काय तपासले पाहिजे, नंतरचे सहा महिने कसे जातात, रात्रीच्या रस्त्यावर काय दिसते आणि चाळिशी आल्यावर काय होते, हे रुग्णाला आधी माहीत असेल तर निर्णय सोपा होतो आणि नंतरचा मनस्तापही टळतो.

नंबर कुठून येतो?

बाहेरून येणारा प्रकाश डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, नेमका एकत्र यावा लागतो. हे काम दोन भिंगे करतात. एक डोळ्याच्या आतले नैसर्गिक भिंग आणि दुसरे डोळ्याच्या अगदी पुढचे पारदर्शक, घड्याळाच्या काचेसारखे आवरण, ज्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. प्रकाश वळवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम एकटा कॉर्निया करतो.

निकटदृष्टितेत, म्हणजे उणे नंबरात, डोळ्याचा गोल बहुतेक वेळा मागेपुढे थोडा लांब झालेला असतो. प्रौढ माणसाच्या डोळ्याची लांबी साधारण २३ ते २४ मिलिमीटर असते. ती एका मिलिमीटरने वाढली तर नंबर अंदाजे अडीच ते तीनने वाढतो. प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि लांबचे धूसर दिसते. सिलिंडरचा नंबर असेल तर कॉर्नियाचा बाक उभ्या आणि आडव्या दिशेने सारखा नसतो.

लेझर लांब झालेला डोळा आखूड करू शकत नाही. तो पुढच्या काचेचा बाक बदलतो. उणे नंबर असेल तर कॉर्नियाच्या मधल्या भागातला अतिशय पातळ थर काढून तो किंचित सपाट करतो. चष्म्याच्या काचेने जे काम बाहेरून केले असते, तेच कॉर्नियावर कोरले जाते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढच्या बऱ्याच शंका आपोआप सुटतात.

मद्रासच्या शास्त्रज्ञाचा प्रयोग

या शस्त्रक्रियेमागे एका भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. १९२९ मध्ये मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत एक्सायमर लेझरवर काम करत होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर हा लेझर सोडून पाहिला. कडा न करपता ऊती स्वच्छ कापली गेली. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा हा अतिनील किरण उष्णतेने जाळत नाही. तो रेणूंमधले बंध तोडतो आणि एका झोतात मायक्रॉनच्या अंशाएवढाच थर उडवतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी हे तंत्र कॉर्नियासाठी वापरण्याची कल्पना पुढे नेली आणि १९८३ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढच्या दशकात ही शस्त्रक्रिया रुग्णालयांत पोहोचली.

नावे अनेक, पद्धती तीन

आज केंद्राकेंद्रांवर निरनिराळी नावे ऐकू येतात. ब्लेडलेस, कॉन्टूरा, स्माइल, सिल्क, ट्रान्स-पीआरके. यांतली काही यंत्राची नावे आहेत, काही आखणीच्या तंत्राची. रुग्णाने मूळ तीन पद्धती समजून घेतल्या तरी पुरेसे आहे.

पहिली लॅसिक. कॉर्नियावर सुमारे १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा एक पातळ पापुद्रा कापून बाजूला उलटतात. हा पापुद्रा पूर्वी यांत्रिक पात्याने कापत, आता बहुतेक ठिकाणी फेम्टोसेकंद लेझरने कापतात. खालच्या थरावर एक्सायमर लेझर चालवून आकार दिला जातो आणि पापुद्रा पुन्हा जागेवर बसवतात. दुखणे कमी असते, दृष्टी लवकर येते. मात्र पापुद्रा पूर्वीइतका घट्ट कधीच जुळत नाही. जोराचा मार लागला तर तो कित्येक वर्षांनीही सरकू शकतो.

दुसरी पृष्ठभागावरची शस्त्रक्रिया, म्हणजे पीआरके. यात पापुद्रा नसतो. कॉर्नियावरची वरची नाजूक त्वचा काढून थेट लेझर करतात आणि ती त्वचा नव्याने भरून येईपर्यंत डोळ्यावर संरक्षक कॉन्टॅक्ट लेन्स ठेवतात. पहिले तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो, पाणी येते, उजेड सहन होत नाही. दृष्टी पूर्ण स्थिर व्हायला काही आठवडे लागतात. कॉर्निया थोडा पातळ असणाऱ्यांसाठी, तसेच कुस्ती, बॉक्सिंग, कबड्डी यांसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांतल्यांसाठी हा पर्याय बरेचदा अधिक योग्य ठरतो.

तिसरी स्माइल आणि त्या जातीच्या पद्धती. फेम्टोसेकंद लेझर कॉर्नियाच्या आतच भिंगाच्या आकाराची एक पातळ चकती कापतो आणि ती दोन ते चार मिलिमीटरच्या छोट्या छेदातून बाहेर काढतात. पापुद्रा नसल्याने तो सरकण्याची भीती नसते. दृष्टी स्वच्छ व्हायला लॅसिकपेक्षा काही दिवस जास्त लागू शकतात.

यांपैकी सर्वांत नवी किंवा सर्वांत महाग पद्धत तीच सर्वांत चांगली, असे गणित नाही. कोणाच्या डोळ्याला काय मानवेल, हे तपासणी ठरवते.

सगळा भार तपासणीवर

शस्त्रक्रियेतला यंत्राचा भाग बराचसा स्वयंचलित असतो. खरे कौशल्य लागते ते कोणावर शस्त्रक्रिया करायची नाही हे ओळखण्यात. म्हणून शस्त्रक्रियेआधीची तपासणी तास-दीड तास चालली तर कंटाळू नये. उलट ती १५ मिनिटांत आटोपली, तर तिथे थांबून विचार करावा.

वय किमान १८ असावे, बरेच डॉक्टर २० ते २१ पर्यंत थांबायला सांगतात. मागच्या वर्षभरात नंबर अर्ध्यापेक्षा जास्त बदललेला नसावा. त्यासाठी चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्या जपून आणाव्यात. नंबर वाढता असताना लेझर केले, तर तो शस्त्रक्रियेनंतरही वाढत राहतो आणि चष्मा परत येतो. गर्भारपणात आणि बाळ अंगावर पीत असताना संप्रेरकांमुळे नंबर आणि डोळ्यांचा ओलावा दोन्ही बदलतात, म्हणून त्या काळात शस्त्रक्रिया टाळतात.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तपासणीपूर्वी ती बंद करायची असते. मऊ लेन्स असेल तर एक ते दोन आठवडे, कडक लेन्स असेल तर तीन-चार आठवडे किंवा त्याहून जास्त. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार बदललेला असतो. तशाच आकाराचे माप घेतले तर सगळे गणित चुकते.

यानंतर कॉर्नियाची जाडी मोजतात. ती सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. साधारण सहा मिलिमीटर व्यासाच्या भागावर दर एका नंबरासाठी १२ ते १५ मायक्रॉन थर काढावा लागतो. समजा जाडी ५४० आहे आणि नंबर उणे ५. थर ७० मायक्रॉन, पापुद्रा ११०. खाली ३६० मायक्रॉन शिल्लक राहतात, म्हणजे पुरेसे. आता जाडी ४९० आहे आणि नंबर उणे ९. थर सुमारे १२६, पापुद्रा ११०, शिल्लक जेमतेम २५४. पापुद्र्याखाली किमान २५० मायक्रॉन तरी राहिले पाहिजेत असा जुना दंडक आहे, आणि बहुतेक डॉक्टर आता त्याहून जास्त राखतात. दुसऱ्या रुग्णाच्या कॉर्नियाची जवळजवळ निम्मी जाडी कापाकापीत जाते. कागदावर तो दंडकात बसला, तरी जाणता डॉक्टर त्याला लॅसिक करणार नाही.

जाडीइतकाच महत्त्वाचा असतो आकार. टोपोग्राफी किंवा टोमोग्राफी या तपासणीत कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागाचा चढउतारांसह रंगीत नकाशा निघतो. या नकाशात शोधायचा असतो केरॅटोकोनस नावाचा आजार. यात कॉर्निया कमजोर होऊन हळूहळू शंकूसारखा पुढे येतो. सुरुवातीला रुग्णाला फक्त सिलिंडरचा नंबर वाढतोय एवढेच जाणवते. अशा कमजोर कॉर्नियावर लेझर केले तर तो आणखी पातळ होतो, फुगत जातो आणि दृष्टी चष्म्यानेही सुधारत नाही. याला एक्टेझिया म्हणतात. ही गुंतागुंत क्वचितच होते, पण ती होते बहुधा तरुण वयात आणि तिचे ओझे आयुष्यभर वागवावे लागते.

हा आजार आपल्याकडे दुर्मीळ समजू नये. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या पाहणीत ३० वर्षांवरील ४६०० हून अधिक लोकांचे डोळे तपासले गेले. कॉर्नियाचा बाक ठरावीक मर्यादेपेक्षा तीव्र असणे हा निकष धरून त्यांच्यापैकी सुमारे २.३ टक्के लोकांत केरॅटोकोनस आढळला. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. निकष बदलला तर आकडा बदलेल, पण ‘आपल्याला कसला असतोय तो आजार’ म्हणून नकाशाची तपासणी वगळण्याइतका तो लहान नक्कीच नाही. ॲलर्जीमुळे डोळे सतत खाजणारे आणि मुठीने चोळणारे तरुण, तसेच घरात कोणाला हा आजार असणारे, यांनी ही बाब डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

याशिवाय अश्रूंचे प्रमाण, डोळ्यांतला दाब, अंधारात बाहुली किती मोठी होते आणि थेंब घालून बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी, हे सारे आवश्यक आहे. आमवातासारखे प्रतिकारशक्तीचे आजार, आटोक्यात नसलेला मधुमेह, डोळ्यात पूर्वी झालेला नागिणीचा संसर्ग, तारुण्यपीटिकांसाठी चालू असलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, यांतले काहीही असल्यास लपवू नये.

‘नाही’ हे उत्तर आले तर

तपासणीनंतर काही जणांना ‘तुमच्या डोळ्याला लेझर योग्य नाही’ असे सांगितले जाते. अशा वेळी हिरमुसून दुसरे, तिसरे केंद्र गाठण्याची आणि कोणीतरी ‘हो’ म्हणेपर्यंत फिरत राहण्याची वृत्ती दिसते. दुसरे मत जरूर घ्यावे, पण आधीचे नकाशे आणि नकाराचे कारण सोबत नेऊन. कारण कॉर्निया एकदा कोरला की पुन्हा भरता येत नाही.

नंबर मोठा किंवा कॉर्निया पातळ असेल, तर डोळ्याच्या आत, नैसर्गिक भिंगाच्या पुढे बसवायची आयसीएल नावाची लेन्स हा पर्याय असतो. ती कॉर्नियाची जाडी घटवत नाही आणि गरज पडल्यास काढता येते. मात्र ती डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया आहे. दाब वाढणे, मोतीबिंदू होणे यांसारखे धोके तिलाही आहेत आणि खर्चही जास्त. केरॅटोकोनस सापडला असेल, तर नकार ही रुग्णासाठी इष्टापत्तीच म्हणावी. रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून केले जाणारे क्रॉसलिंकिंग वेळेत झाले, तर आजार बहुतेकदा तिथेच थांबवता येतो. चष्मा काढायला आलेल्या तरुणाची दृष्टी अशा तपासणीमुळे वाचते.

शस्त्रक्रियेचा दिवस

त्या दिवशी डोळ्यांना काजळ, मस्करा लावू नये, अत्तर-सेंट वापरू नये आणि सोबत कोणीतरी असावे. स्वतः गाडी चालवत यायचे-जायचे नसते. भूल फक्त थेंबांची असते, इंजेक्शन नसते. पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून एक छोटा चिमटा लावतात, त्यामुळे पापणी मिटेल ही भीती बाळगू नये. पापुद्रा किंवा चकती कापताना डोळ्यावर एक कडे दाबून बसवतात. तेव्हा दाब जाणवतो आणि काही सेकंद नजरेसमोर अंधारी येऊ शकते. हे अपेक्षित आहे. मग लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहत राहायचे. एक्सायमर लेझर चालू असताना टकटक आवाज आणि केस जळल्यासारखा वास येतो. डोळा जळत नसतो. उडालेल्या सूक्ष्म कणांचा तो वास असतो. डोळा जरा हलला तर यंत्र त्याचा माग घेते आणि जास्त हलला तर किरण थांबवते.

प्रत्यक्ष लेझर एका डोळ्याला मिनिटभराच्या आतबाहेर लागते. दोन्ही डोळे मिळून १५ ते २० मिनिटांत काम संपते. बाहेर आल्यावर धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते.

पहिला दिवस ते सहा महिने

लॅसिक आणि स्माइलनंतर पहिले चार ते सहा तास डोळ्यांत चुरचुरते, वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते. घरी जाऊन डोळे मिटून झोपणे हा त्यावर उत्तम उपाय. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना चष्म्याशिवाय स्वच्छ दिसते. याच आनंदात निष्काळजीपणा होण्याचा धोका असतो.

डोळे अजिबात चोळायचे नाहीत. सुरुवातीच्या रात्री पारदर्शक कवच लावून झोपायचे. पहिले काही दिवस डोळ्यांत नळाचे पाणी, साबण, शाम्पू जाऊ द्यायचा नाही. पोहणे, समुद्रात किंवा खाडीत उतरणे सुमारे महिनाभर बंद. घोडबंदर रस्त्यासारख्या धुळीच्या रस्त्यावर सुरुवातीचे काही आठवडे दुचाकी टाळलेली बरी. नाइलाज असेल तर पूर्ण बंद काचेचे हेल्मेट आणि आत संरक्षक गॉगल हवाच. पीआरके झालेल्यांनी काही महिने उन्हात काळा चष्मा वापरावा, कारण अतिनील किरणांमुळे कॉर्नियावर धूसर डाग येण्याची शक्यता वाढते.

थेंब तीन प्रकारचे असतात. जंतुसंसर्ग टाळणारे, सूज कमी करणारे स्टिरॉइड आणि ओलावा देणारे. यांतले स्टिरॉइडचे थेंब सांगितलेल्या तारखेला थांबवायचेच. बरे वाटते म्हणून औषधाच्या दुकानातून परत परत आणून घातले तर डोळ्यांतला दाब वाढतो आणि काचबिंदूने नजर जाऊ शकते, तीही कळत नकळत.

वाढत जाणारे दुखणे, लाली, पू, अचानक कमी झालेली नजर किंवा डोळ्याला लागलेला मार, यांतले काहीही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. संसर्ग अत्यंत क्वचित होतो, पण झाला तर तासांचे महत्त्व असते.

कोरडेपणा ही सर्वांत नेहमीची तक्रार. कॉर्नियातल्या बारीक संवेदना-नसा कापल्या जातात, त्यामुळे डोळा कोरडा पडला हा निरोप मेंदूकडे नीट जात नाही, पापण्या कमी मिटतात आणि अश्रू कमी येतात. दिवसभर संगणकासमोर वातानुकूलित खोलीत बसणाऱ्यांना हा त्रास अधिक जाणवतो. नसा पुन्हा वाढतात तसा तो सहा महिने ते वर्षभरात बहुतेकांचा कमी होतो. थोड्या जणांचा मात्र लांबतो. म्हणूनच ज्यांचे डोळे आधीपासून कोरडे आहेत, त्यांचा कोरडेपणा आधी बरा करायचा आणि मग लेझरचा विचार करायचा.

रात्रीचा रस्ता

वरसाव्याच्या पुलावरून रात्री जाणाऱ्यांसाठी हा मुद्दा सर्वांत कळीचा. लेझरनंतर दिव्यांभोवती वलये दिसणे, दिव्यांना किरण फुटल्यासारखे वाटणे, झगमगाट जास्त जाणवणे हे सुरुवातीला पुष्कळांना होते. अंधारात बाहुली मोठी होते आणि कोरलेल्या भागाच्या कडेवरूनही प्रकाश आत शिरतो, हे त्याचे एक कारण. सूज आणि कोरडेपणा हे दुसरे. जुन्या यंत्रांच्या काळात हा त्रास जास्त होता.

नेमका किती, याचे प्रामाणिक उत्तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केलेल्या अभ्यासातून मिळते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नौदलातले कर्मचारी आणि सामान्य नागरिक अशा दोन गटांना लॅसिकच्या आधी आणि नंतर त्यांचे अनुभव विचारले गेले. ज्यांना आधी असा कोणताही त्रास नव्हता, त्यांच्यापैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांनी तीन महिन्यांनंतर वलये, झगमगाट, दुहेरी प्रतिमा यांपैकी किमान एक नवा त्रास सांगितला. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तो नव्याने जाणवला. दुसरीकडे, या त्रासामुळे रोजच्या कामात खूप अडचण येते असे सांगणारे १ टक्क्याहून कमी होते आणि दृष्टीबाबत समाधानी असणारे ९५ टक्क्यांहून अधिक.

दोन्ही आकडे एकत्रच वाचायला हवेत. चष्म्यात किंवा लेन्समध्येही अनेकांना आधीपासून वलये दिसत असतात आणि काहींची ती लेझरनंतर कमी होतात. बहुतेकांना नवा त्रास सवयीचा होतो किंवा ओसरतो. पण ज्याचा रोजगारच रात्रीच्या वाहन चालवण्यावर आहे, अशा टेम्पो, रिक्षा किंवा ट्रक चालकाने ही शक्यता डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोलून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर दिवसा स्वच्छ दिसू लागले, म्हणून त्याच आठवड्यात रात्री महामार्गावर गाडी काढू नये. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी ओळखीच्या, कमी वर्दळीच्या रस्त्यावर अंदाज घ्यावा.

जे बदलत नाही

लेझर कॉर्नियाचा बाक बदलतो, डोळ्याची लांबी नाही, हे वर आलेच आहे. म्हणजे उणे ८ नंबराचा माणूस चष्म्याशिवाय ६/६ पाहू लागला, तरी त्याचा डोळा आतून उणे आठचाच असतो. लांब डोळ्यात दृष्टिपटल ताणले जाऊन पातळ झालेले असते आणि त्याला छिद्र पडण्याचा किंवा ते सुटण्याचा धोका सामान्य माणसापेक्षा जास्त असतो. चष्मा गेला म्हणून तो धोका जात नाही. अचानक विजा चमकल्यासारखे दिसणे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडणे, नजरेच्या कडेला पडदा आल्यासारखे वाटणे, ही लक्षणे दिसली तर तातडीने नेत्रतज्ज्ञ गाठावा. मोठा नंबर असलेल्यांनी लेझरनंतरही वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावे.

काचबिंदूचेही तसेच. कॉर्निया पातळ झाल्यावर डोळ्याचा दाब यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो. पुढे कुठेही डोळे तपासताना ‘माझे लेझर झाले आहे’ हे रुग्णाने स्वतःहून सांगितले नाही, तर वाढलेला दाब सामान्य समजला जाऊ शकतो.

साठी-सत्तरीत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करताना डोळ्यात बसवायच्या लेन्सची ताकद कॉर्नियाच्या बाकावरून काढतात. लेझरने तो बाक बदललेला असल्याने नेहमीचे सूत्र चुकते. शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, कॉर्नियाची मापे आणि नकाशे हाताशी असतील तर हे गणित बरेच अचूक होते. म्हणून हे कागद आधार कार्डाइतके जपून ठेवावेत, त्यांचे फोटो काढून ठेवावेत. केंद्र पंचवीस-तीस वर्षांनी असेलच असे नाही.

आणि चाळिशी. चाळीस-पंचेचाळिशीच्या सुमारास आतले भिंग ताठर होते आणि जवळचे दिसेनासे होते. ही वृद्धदृष्टिता लेझर झालेल्यालाही येते. किंबहुना उणे दोन-अडीचचा माणूस पूर्वी चष्मा काढून सहज वर्तमानपत्र वाचत असे. लेझरनंतर ती सोय जाते आणि वाचायला चष्मा लागतो. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी हा हिशेब आधी करावा. काहींना एक डोळा लांबसाठी आणि एक जवळसाठी ठेवण्याचा पर्याय देतात. तो सर्वांना मानवत नाही, म्हणून आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाहावा.

नोकरी, विमा आणि खर्च

सरकारी भरतीची तयारी करणारी मुले चष्मा अडसर ठरू नये म्हणून घाईने लेझर करून घेतात. काही वेळा नेमका तोच अडसर ठरतो. रेल्वेत सहायक लोको पायलट पदासाठी नंबर काढण्याची शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अपात्र ठरतो. सैन्यदलांच्या काही शाखांत ती चालते, पण शस्त्रक्रियेच्या वेळचे वय, त्यानंतर उलटलेला काळ, कॉर्नियाची उरलेली जाडी अशा अटी असतात. टोपोग्राफीत केलेले लेझर दिसतेच, त्यामुळे ते लपवण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. ज्या पदासाठी अर्ज करायचा, त्याच्या चालू जाहिरातीतले वैद्यकीय निकष वाचूनच पाऊल उचलावे.

आरोग्य विम्याच्या प्रमाणित नियमांनुसार ७.५ पेक्षा कमी नंबर काढण्याचा खर्च विम्यात धरला जात नाही. त्यामुळे बहुतेकांना तो खिशातूनच करावा लागतो. पद्धतीनुसार आणि केंद्रानुसार दरात मोठी तफावत असते. पॅकेजमध्ये तपासण्या, थेंब, नंतरच्या भेटी आणि काही नंबर उरला किंवा परत आला तर पुन्हा करावयाचे लेझर धरले आहे का, हे लेखी विचारावे. सणासुदीच्या सवलतीची मुदत संपत आली, हे डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याचे कारण असू नये.

विचारायचे प्रश्न

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना पाच गोष्टी विचाराव्यात. माझ्या कॉर्नियाची जाडी किती आणि शस्त्रक्रियेनंतर किती उरेल? माझ्या नकाशात केरॅटोकोनसची काही शंका आहे का? माझे डोळे कोरडे आहेत का? या तीन पद्धतींपैकी माझ्यासाठी हीच का? आणि काही बिघडले तर रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा? या प्रश्नांची उत्तरे समुपदेशकाने नव्हे, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी द्यायला हवीत. ती आकड्यांसह आणि न चिडता मिळाली, तर आपण योग्य ठिकाणी आलो आहोत असे समजायला हरकत नाही.

चष्मा हा आजार नाही आणि तो घालणे हा कमीपणाही नाही. लेझर ही निवड आहे, निकड नाही. तपासणीत डोळा योग्य ठरला, अपेक्षा वास्तव असल्या आणि नंतरची पथ्ये पाळण्याची तयारी असली, तर ही निवड बहुतेकांना समाधान देते. तपासणीला जाण्यापूर्वी कॉन्टॅक्ट लेन्स बंद करणे आणि जुन्या नंबरांच्या चिठ्ठ्या शोधून काढणे, एवढी सुरुवात मात्र आजच करता येईल.